हृदय आणि आपण : भाग ६
'पंपिंग चांगलं', तरी दम का?

मागच्या भागात कमी पंपिंगचं हृदय पाहिलं. आज त्याचं फसवं भावंड. शहापूर-मुरबाडचा रुग्ण कल्याण-ठाण्याला जाऊन टूडी इको करून येतो. रिपोर्टात पंपिंग ६० टक्के, म्हणून घरचे निर्धास्त होतात. पण आजीला उताणं झोपवत नाही आणि घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहतो.

या आजारात डावा कप्पा आवळतो नीट, पण दोन ठोक्यांच्या मधे पुरता सैलावत नाही. वर्षानुवर्षं वाढलेला बीपी, मधुमेह, लठ्ठपणा आणि वय यांमुळे तो ताठर होतो. रक्त भरताना दाब वाढतो, तो मागे फुप्फुसात पोचतो आणि दम लागतो. याला डायस्टोलिक हार्ट फेल्युअर म्हणतात.

उपचाराची पहिली पायरी म्हणजे साचलेलं पाणी काढणं. फ्युरोसेमाइड किंवा टॉरसेमाइड या लघवीच्या गोळ्यांनी सूज उतरते, दम कमी होतो. मूळ आजार मात्र राहतो. त्यावर खात्रीचं औषध बराच काळ नव्हतं. २०२१मध्ये सुमारे सहा हजार रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे भरती, यांपैकी काही ना काही औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या गटात १७.१ टक्के रुग्णांच्या वाट्याला आलं, एम्पाग्लिफ्लोझिनच्या गटात १३.८ टक्क्यांच्या. फायदा मुख्यतः भरती टळण्याचा होता. २०२२मध्ये डापाग्लिफ्लोझिननेही तसाच फायदा दाखवला. दोन्ही औषधं मूळची मधुमेहाची, पण साखर नसलेल्यांनाही उपयोगी पडली. पेटंट संपल्याने आता ती भारतात स्वस्त जेनेरिक रूपातही मिळतात.

ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. उलट्या-जुलाब झाले किंवा कडक उपास असला, तर गोळी तात्पुरती थांबवायची का, हे आधीच विचारून ठेवावं. जननेंद्रियाजवळ खाज सुटली तर लपवू नये.

बाकीची लढाई तालुक्यातच लढायची आहे. बीपी शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात, मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात तपासता येतो. आवणीच्या धांदलीत बीपीची गोळी चुकवू नये. दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवायचं, तर सुकट, खारे बोंबील, पापड आणि लोणचं यांना आवर घालावा लागेल. चिखलात वाकून कंबर-गुडघे धरले की दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणलं जातं. या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. या रुग्णांनी त्या टाळाव्यात.

रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्याआधी वजन करून वहीत लिहावं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर दम लागायची वाट न पाहता डॉक्टर गाठावेत. 'पंपिंग चांगलं' हे ऐकून औषधं मात्र स्वतःहून सोडू नयेत.

पुढच्या भागात : अनियमित ठोके आणि रक्त पातळ करणारी औषधं.