चार फायली, एक प्रवाह

पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या धरणांवरील जुलैच्या पावसाच्या नोंदी चार फायलींत आहेत, असे समजू. बेरजेच्या प्रोग्रॅमला आपण त्या एकामागून एक वाचायला देतो. पहिली संपताच दुसरी उघडते; चौथी संपल्यावरच वाचन थांबते.

युनिक्समधील 'कॅट' ही आज्ञा फायली अशाच जोडते, पण फक्त अक्षरे, अर्थ नव्हे! पानशेतचा शेवटचा आकडा १२ आहे, त्यापुढे ओळ संपल्याचे चिन्ह राहून गेले आहे आणि वरसगावचा पहिला आकडा ७ आहे. प्रोग्रॅम १२७ मिलिमीटर वाचतो. घाटमाथ्याजवळच्या पावसात हा आकडा कोणाला खटकतही नाही. म्हणून आम्ही आधी ओळी मोजतो. चार फायलींच्या १२४ हव्यात. १२३ भरल्या, तर एखादा सांधा चिकटला आहे किंवा एखादी नोंद गळली आहे.