पाण्यातले ‘किडे’ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

विहिरीचे किंवा तळ्याचे पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडासमोर धरले, की पुष्कळदा त्यात पांढुरके ठिपके झटके देत वरखाली होताना दिसतात. हे प्राणिप्लवक. त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारे वाक्य एकच : पाण्यात किडे पडले, पाणी खराब झाले, औषध टाका. गावच्या बारवेपासून शहरातल्या बागेच्या हौदापर्यंत हा सल्ला सारख्याच खात्रीने दिला जातो. तळ्याच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे, आणि तो पाळला की पाणी सुधारण्याऐवजी बिघडते.

मुळात हे किडे नव्हेत. डाफ्निया आणि सायक्लॉप्स हे कोळंबी-खेकड्यांच्या गोतातले, कवचधारी प्राणी. त्यांच्याहूनही लहान असतात ते रोटिफर. त्यांच्या सुमारे २,००० जाती ज्ञात आहेत आणि तोंडाभोवतीच्या केसांचे वलय चाकासारखे फिरताना दिसते. साध्या भिंगाखाली डाफ्निया पाहिला, तर त्याचे काम लगेच कळते. कवच पारदर्शक असते. पाठीकडच्या बाजूला हृदय धडधडताना दिसते, त्यामागे अंड्यांची पिशवी, आणि अंगभर वळत गेलेले आतडे हिरवेगार. तो हिरवा रंग त्याने खाल्लेल्या सूक्ष्म शेवाळाचा. पायांवरच्या बारीक केसांच्या चाळणीतून तो दिवसरात्र पाणी गाळत असतो. अन्न भरपूर असेल तर मादी नराशिवायच पिले देते, त्यामुळे काही आठवड्यांत संख्या प्रचंड वाढते आणि हिरवे पाणी निवळू लागते. थोडक्यात, ज्याला घाणीचे लक्षण म्हणतात तोच पाणी निवळत असतो.

हे पटत नसेल तर प्रयोग पाहावा. १९७२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात स्टुअर्ट हर्लबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सारख्याच हौदांपैकी काहींत त्यांनी गंबुशिया मासे सोडले, काहींत सोडले नाहीत. डासांच्या अळ्यांसाठी आपल्याकडे सोडतात तेच हे मासे. त्यांनी प्राणिप्लवक खाऊन टाकले आणि मासे असलेल्या हौदांत सूक्ष्म शेवाळ माजले. अमेरिकेतल्या मेंडोटा सरोवरात हेच निसर्गात घडले. २००९ साली तिथे बाहेरून आलेला एक शिकारी प्लवक आढळला, त्याने डाफ्निया फस्त केले आणि पाण्याची पारदर्शकता जवळपास एक मीटरने घटली. हौदात औषध टाकणारा माणूस नकळत नेमके हेच करतो. कीटकनाशकाने शेवाळ मरत नाही, डाफ्निया मात्र फार थोड्या मात्रेनेही मरतो. म्हणूनच रसायनांची विषारिता तपासायला जगभरच्या प्रयोगशाळांत डाफ्निया वापरतात.

या गैरसमजामागे एक खरी भीती आहे, ती नाकारता येणार नाही. नारू सायक्लॉप्समुळेच पसरत असे. पायऱ्यांच्या विहिरीत रोग्याने पाय बुडवला, की जंताची पिले पाण्यात उतरत आणि सायक्लॉप्स ती गिळत. असे पाणी पिणाऱ्याच्या पायातून सुमारे वर्षभराने दोन-तीन फूट लांब जंत बाहेर पडे. महाराष्ट्रातल्या गावांनीही हे सोसले आहे. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला. नारू निर्मूलनाच्या मोहिमेत पिण्याच्या विहिरींत मोजून औषध टाकले गेले, पण त्याच्याइतकाच आधार दुपदरी फडक्याचा होता. सायक्लॉप्स फडक्यातून जात नाही. पटकीचे जंतूही या कवचधारी प्राण्यांना चिकटून राहतात. बांगलादेशात जुनी साडी चार पदरी करून पाणी गाळल्यावर पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटल्याचे २००३ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा पिण्याचे पाणी गाळावे, उकळावे, निर्जंतुक करावे, हे निर्विवाद. पण हंड्याचा नियम तळ्याला लावू नये. व्हिएतनाममध्ये तर सायक्लॉप्सचे भाऊबंद मुद्दाम साठवणीच्या टाक्यांत सोडतात, कारण ते डेंग्यूच्या डासाच्या कोवळ्या अळ्या खातात.

पाण्याच्या प्रतीबद्दल बोलायचेच असेल तर प्लवक आहेत की नाहीत यापेक्षा कोणते आहेत हे पाहावे लागते. मोठे डाफ्निया दिसत असतील तर शेवाळावर अंकुश आहे. ब्रॅकिओनससारख्या रोटिफरांची एकट्यांचीच गर्दी झाली असेल, तर सांडपाणी किंवा खत उतरत असल्याचा संशय घ्यावा. निळ्या-हिरव्या शेवाळाचे मोठे पुंजके मात्र डाफ्नियालाही पेलत नाहीत. त्यावर उपाय सांडपाणी रोखणे हाच.

‘इतक्या बारीक जिवाने काय बिघडते’ हा प्रश्नही नेहमीचा. मत्स्यशेती करणाऱ्याला तो पडत नाही. संवर्धन तळ्यात मत्स्यजिरे, म्हणजे माशांची अगदी कोवळी पिले, सोडण्याआधी तो शेण घालून प्राणिप्लवक वाढवतो, आणि ५० लिटर पाणी प्लवकाच्या जाळीतून गाळून तळाशी १ ते २ मिलिलिटर प्लवक बसतात का ते पाहतो. नसतील तर जिरे उपाशी मरतात. कटला तर मोठा झाल्यावरही मुख्यतः यांच्यावरच जगतो. शेवाळातली ऊर्जा माशापर्यंत पोचायची वाट यांच्यातूनच जाते, आणि प्रत्येक पायरीवर ढोबळमानाने दहाच टक्के पुढे सरकते. म्हणून खालची पायरी खचली की वरचा मासा आधी कमी होतो.

प्लवक डोळ्यांना दिसत नाहीत, हेही खरे नाही : कोकणात सुकवून खातात तो जवळा आणि समुद्रातले जेलीफिश हे प्लवकच, आणि तोच जवळा खाऊन बोंबील पोसतो. ते सगळे शाकाहारी आहेत, हेही नाही : सायक्लॉप्सच्या कित्येक जाती शिकारी आहेत. ते प्राणवायू तयार करतात, हेही नाही : ते काम वनस्पतिप्लवकांचे.

उन्हाळ्यात तळे आटले की प्लवक संपले, असे मानणाऱ्यांनी तळाचा सुका गाळ पाण्यात भिजवून पाहावा. डाफ्निया कठीण काळात जाड कवचाची अंडी टाकतो आणि ती गाळात पडून राहतात. सरोवरांच्या तळातून काढलेली अनेक दशके जुनी अंडीही प्रयोगशाळेत उबली आहेत. पाऊस पडून तळे भरले, की काही दिवसांतच त्यातले पहिले डाफ्निया पोहू लागतात.