अळीनं निवडलेलं पान

विड्याची पानं लावताना तांबोळ्याचा हात पाहावा. भोक पडलेलं पान तो बोटांनीच ओळखतो आणि बाजूला सारतो. न्यूझीलंडच्या रानात माओरी औषधं जाणणारी माणसं याच्या नेमकं उलट करतात. कावाकावाची पानं खुडताना ती चाळणीसारखी भोकं पडलेली पानं शोधतात. धड, कोरी पानं झाडावरच राहतात.

कावाकावा म्हणजे आपल्या विड्याच्या पानाची दूरची बहीणच. नागवेल, मिरी, पिंपळी ज्या पायपर घराण्यातल्या, त्याच घराण्यातलं हे पायपर एक्सेल्सम. पान हृदयाच्या आकाराचं, देठापासून पसरणाऱ्या ठळक शिरांचं. पण ही वेल नव्हे, स्वतःच्या बळावर उभं राहणारं झुडूप आहे. खोडाला बांबूसारखी फुगीर पेरं असतात आणि उंची फार झाली तर सहा मीटर. दाट झाडांच्या सावलीत, समुद्राजवळच्या उबदार रानात ते सुखात वाढतं. दहिवर गोठलं की कोमेजतं.

नावाचीही एक गोष्ट आहे. सुमारे सातशे वर्षांपूर्वी माओरींचे पूर्वज पॅसिफिकच्या बेटांवरून होड्यांनी न्यूझीलंडला आले. त्यांच्या बेटांवर कावा नावाच्या झुडपाच्या मुळांपासून गुंगी आणणारं पेय करत. तेही याच घराण्यातलं. नव्या देशात तशाच पानांचं झुडूप दिसलं आणि ओळखीचं नाव त्याला मिळालं. माओरीत ‘कावा’ म्हणजे कडू. कावाकावा कडू आहे खरं, पण त्यानं गुंगी येत नाही.

आता त्या भोकांकडे येऊ. क्लिओरा स्क्रिप्टेरिया नावाच्या पतंगाची अळी रात्री ही पानं कुरतडते. जाणत्यांचं म्हणणं असं, की अळीला पानाची पारख आहे. तिला आवडलेलं पान गुणाचं. यामागे आणखी एक तर्क सांगतात, की पान कुरतडलं गेलं की झाड स्वतःच्या बचावाची द्रव्यं वाढवतं आणि तीच आपल्याला औषध म्हणून लागतात. मला अळीच्या पारखीची गोष्ट जास्त आवडते, पण आवड हा काही पुरावा नव्हे.

पान चावून पाहिलं तर आधी कडवट लागतं, मग मिरीसारखं झणझणतं आणि थोड्या वेळानं जीभ बधिर होते. दातदुखीवर पान चघळायचं ते याचसाठी. पानात मिरिस्टिसिन असतं, आपल्या जायफळातही तेच असतं. लवंगेतल्या युजेनॉलशी त्याचं रासायनिक नातं आहे, म्हणजे आपण दाताखाली लवंग धरतो तसाच हा प्रकार. ठणका कमी होतो, दाताची कीड मात्र तिथेच राहते.

पोटदुखीला काढा. चार-पाच पानं धुऊन, चुरगळून पाण्यात टाकायची आणि मंद आचेवर उकळू द्यायची. पाणी हिरवट-पिवळं झालं की गाळून कोमट प्यायचं. गळू, मुका मार, जखम यांवर पानं ठेचून किंवा गरम करून बांधतात. लहान मुलाला खोकला झाला की विड्याचं पान तेल लावून शेकून छातीवर ठेवणाऱ्या आपल्या आज्यांना हे वेगळं सांगायला नको. सांधे धरले तर पानांची वाफ.

हल्ली घरोघरी दिसतं ते मलम. त्यात खरी मेख आहे ती पानं सुकवण्यात. पानात पाणी राहिलं तर तेलाला बुरशी धरते. म्हणून ती सावलीत पुरती वाळवतात, मग तेलात घालून भांडं गरम पाण्यात ठेवतात. तेल उकळू द्यायचं नाही. काही तासांत ते हिरवं होतं. मग गाळून त्यात मेण विरघळवायचं आणि डबीत ओतायचं. खाज, इसब, किडा चावणं यांवर ते लावतात.

खुडण्याआधी कराकिया म्हणजे प्रार्थना म्हणतात आणि एकाच झाडाला ओरबाडत नाहीत. हेच पान रताळ्याच्या शेतात जाळून धुरानं किडे पळवत. मयताला, म्हणजे तांगीला, बायका याच्याच डहाळ्यांची वेटोळी डोक्यावर घालतात.

या सगळ्या विद्येला माओरी रोंगोआ म्हणतात आणि तिच्या जाणत्याला तोहुंगा. 1907 मध्ये सरकारनं कायदा करून तोहुंगांच्या उपचारांवर बंदी घातली. तो कायदा 1962 मध्ये रद्द झाला. मधल्या पन्नासहून अधिक वर्षांत पान मात्र परसात होतंच. 2020 पासून अपघातात जखमी झालेल्यांना तिथल्या सरकारी भरपाई योजनेतून रोंगोआचे उपचार घेता येतात.

कावाकावाच्या झाडात नर-मादी वेगळे असतात. मादीला उन्हाळ्यात पिंपळीसारखी उभी, नारिंगी फळं धरतात. केरेरू नावाचं मोठं रानकबूतर ती गिळतं आणि बिया रानभर पेरतं. माणसंही खातात. गर गोडसर असतो, बी दाताखाली आलं की मिरी.