एकेका विषयाची सेमिनरी

सेमिनरी म्हटलं की तीन-चार वर्षांचा वसतिगृहातला मुक्काम, हिब्रू-ग्रीकचा अभ्यास आणि शेवटी पाळकपदाची दीक्षा, असंच चित्र आपल्या मंडळ्यांत अजूनही डोळ्यांपुढे येतं. पण गेल्या साठ वर्षांत ख्रिस्ती सेवेचं शिक्षण दुसऱ्या वाटेनंही पुष्कळ पुढे गेलं आहे. नोकरी, शेती, संसार सांभाळून एका वेळी एकच विषय घ्यायचा, तो पुरा झाला की पुढचा, अशी ही वाट. तिचा मागोवा घेताना मला सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट: इथे शिकणारा माणूस आपल्या मंडळीपासून एक दिवसही तुटत नाही.

सुरुवात झाली ग्वाटेमालात. तिथल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीची अडचण आपल्यालाही ओळखीची वाटेल. राजधानीत शिकलेले तरुण खेड्यात परतायला राजी नसत. आणि खेड्यांतल्या मंडळ्या प्रत्यक्ष चालवणारे प्रौढ, पोराबाळांचे लोक घरदार सोडून सेमिनरीत येऊ शकत नसत. १९६३ मध्ये राल्फ विंटर, जेम्स एमरी आणि त्यांचे सहकारी यांनी शिक्षणच त्यांच्या दारी न्यायचं ठरवलं. घरी अभ्यासायला पाठ दिले आणि जवळच्या केंद्रावर शिक्षकांशी नियमित भेट ठेवली. सोबतीला रॉस किन्सलर आले आणि पुढे त्यांनी हा विचार जगभर पोहोचवला.

या पद्धतीची मांडणी अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ टेड वॉर्ड यांनी लाकडी कुंपणाच्या उपमेने केली. कुंपणाची एक आडवी दांडी म्हणजे घरचा अभ्यास, दुसरी म्हणजे मंडळीतलं काम, आणि दोन्हींना धरून ठेवणारे खांब म्हणजे गटाच्या बैठका. खांब काढले की दांड्या खाली येतात. पुस्तकं मागवून एकट्याने वाचणं आणि कोर्स करणं यांतला फरक इथेच आहे.

भारतात १९७१ मध्ये बंगळूरला ‘टॅफ्टी’ ही विस्तार-शिक्षणाची संस्था उभी राहिली. १८१८ मध्ये कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी स्थापलेल्या श्रीरामपूर कॉलेजच्या परंपरेतही सामान्य विश्वासणाऱ्यांसाठी ‘डिप्लोमा इन ख्रिश्चन स्टडीज’ आणि ‘बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज’ हे बाहेरून करायचे अभ्यासक्रम आले. आपल्याकडे १९५३ पासून यवतमाळला असलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला आली. पण पुणं जवळ आलं तरी रविवारी संडेस्कूल घेणाऱ्या शिक्षिकेला किंवा शिफ्ट करून प्रार्थनासभा चालवणाऱ्या कामगाराला वसतिगृह लांबच राहतं. त्यांच्यासाठी एकेक विषयाचीच वाट खुली आहे.

समुपदेशनाच्या विषयात या वाटेचं सामर्थ्य सर्वांत ठळक दिसतं. त्याचं मूळ ग्वाटेमालाहूनही जुनं आहे. स्वतः मनोरुग्णालयात राहून बरे झालेले अँटन बॉयसन पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात धर्मसेवक झाले. १९२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी ईशज्ञानाच्या विद्यार्थ्यांना तिथे शिकायला आणलं. ग्रंथ जसा बारकाईने वाचतो, तसं दुखावलेलं माणूस वाचायला शिका, असा त्यांचा आग्रह होता. पुढे रसेल डिक्स यांनी रुग्णाशी झालेलं बोलणं शब्दशः लिहून काढायची रीत रुजवली. ती आजही पाळकीय समुपदेशनाच्या वर्गांत चालते.

असा एक कागद समोर धरा. भेट आटोपल्यावर शिकणाऱ्याने आठवून लिहिलेला, प्रत्येक वाक्याला क्रमांक. बाई म्हणतात, ‘‘हे गेल्यापासून झोपच लागत नाही.’’ खाली शिकणाऱ्याचं उत्तर: ‘‘ताई, देवाची योजना असते. चला, प्रार्थना करू.’’ त्यापुढे बाईंचं एकच वाक्य: ‘‘बरं.’’ गटात हा कागद वाचला जातो तेव्हा सगळे त्या ‘बरं’पाशी थांबतात. बाईंना अजून बोलायचं होतं. प्रार्थना योग्यच होती. ती फार लवकर आली. पुढच्या आठवड्यात शिकणारा पुन्हा त्याच घरी जातो, आणि या वेळी आधी ऐकतो. एरवी वर्षानुवर्षं न उमगणारी ही गोष्ट एका कोर्सने हाती लागते, कारण घर, माणूस आणि वर्ग तिन्ही एकाच आठवड्यात येतात.

या शिक्षणाच्या मर्यादाही स्वच्छ सांगायला हव्यात. एक-दोन विषय केले म्हणून कोणी मानसोपचारतज्ज्ञ होत नाही. आत्महत्येचे विचार, घरातली मारहाण, गंभीर मानसिक आजार अशा वेळी तज्ज्ञाकडे नेणं आणि सोबत राहणं हीच खरी सेवा. ऐकलेलं पोटात ठेवणं तर पहिली अट. छोट्या मंडळीत बोलणं फुटलं की माणूस देवळाची पायरी चढायचा थांबतो. चांगला कोर्स हे भान आधी देतो.

२०२० च्या टाळेबंदीनंतर वर्ग मोबाईलवर आले आणि प्रवेश आणखी सोपा झाला. आता मंडळ्यांनी पुढे यायला हवं. दरवर्षी निदान एका सभासदाची फी मंडळीने भरावी, आणि शिकून झाल्यावर त्याला किंवा तिला घरभेटींचं, इस्पितळातल्या भेटींचं काम सोपवावं. प्रमाणपत्र कपाटात पडून राहिलं तर मंडळीने संधी गमावली. काम मिळालं, तर पाळकाच्या खांद्यावरचं ओझं हलकं होईल, आणि ज्यांच्या घरी आजवर कोणी पोहोचलं नाही, त्यांच्यापर्यंत कोणीतरी शिकून, तयार होऊन पोहोचेल.