त्रिशंकू कौल आणि कॅम्पातला मतदार

शहाड स्थानकाकडून उल्हासनगर कॅम्प १ मध्ये शिरले की घरांच्या पत्त्यांत अजूनही बॅरकचा क्रमांक आढळतो. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेल्या आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना वाटून दिलेल्या त्या लांबट बराकींच्या जागी आज मजल्यावर मजले चढले असले, तरी खालच्या जमिनीच्या सनदेचा प्रश्न कित्येक कुटुंबांपुरता अद्याप निकालात निघालेला नाही. ज्या नगराची कोनशिला १९४९ साली चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते बसली, तेथील सिंधी समाज महाराष्ट्रात भाषिक अल्पसंख्य आहे. भाषावार प्रांतरचनेत त्याच्या वाट्याला राज्य आले नाही, आणि त्याच्या भाषेला घटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळण्यास १९६७ साल उजाडावे लागले. अशा समाजाच्या हाती सरकारदरबारी आपली कैफियत मांडण्याचे जे सर्वांत खात्रीचे साधन आहे, ते म्हणजे मत. आणि कौल निर्णायक न लागल्यास त्या मताचे मोल काय उरते, हा प्रश्न म्हणूनच त्याच्या जिव्हाळ्याचा आहे.

उल्हासनगरात मताचे मोल कमी नाही. विधानसभेला २०१४ मध्ये राष्ट्रवादीच्या ज्योती कलानी आणि २०१९ मध्ये भाजपचे कुमार आयलानी विजयी झाले, तेव्हा दोन्ही खेपेस अंतर अवघ्या दोनेक हजार मतांचे होते. एखाद्या वस्तीचे मन फिरले असते तर निकालही फिरला असता. परंतु २४ ऑक्टोबर २०१९ रोजी २८८ जागांचे चित्र स्पष्ट झाले, भाजपला १०५, शिवसेनेला ५६, राष्ट्रवादीला ५४ आणि काँग्रेसला ४४ जागा मिळाल्या, आणि एकत्र लढलेल्या पहिल्या दोन पक्षांचे मुख्यमंत्रिपदावरून फाटले. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट, २३ च्या पहाटे ती उठवून झालेला मुख्यमंत्री-उपमुख्यमंत्र्यांचा शपथविधी, २६ ला सर्वोच्च न्यायालयाने दिलेला विश्वासदर्शक ठरावाचा आदेश व त्याच दिवशी आलेले त्या दोघांचे राजीनामे, आणि २८ ला शिवाजी पार्कवर शिवसेनेच्या उद्धव ठाकरे यांची राष्ट्रवादी-काँग्रेसच्या साथीने मुख्यमंत्रिपदाची शपथ, या साऱ्या घडामोडींअंती उल्हासनगरात जिंकलेला पक्ष विरोधी बाकांवर बसला, तर हरलेला सत्तेत गेला.

असे का घडते? मतदाराचे बळ मतदारसंघातल्या फरकावर अवलंबून असते. निकालानंतर मात्र फरक आमदारांच्या संख्येत मोजला जातो. पक्षांतरबंदीच्या १९८५ च्या तरतुदीने एकटादुकटा आमदार पक्षादेशाला बांधला गेल्यामुळे वाटाघाटी मूठभर नेत्यांच्या हाती राहतात. राज्यपालांनी कोणाला प्रथम पाचारण करावे याचा क्रम घटनेत लिहिलेला नाही. बहुमताची परीक्षा सभागृहातच व्हावी, एवढे १९९४ च्या बोम्मई निकालाने पक्के केले. संसदेतही हाच अनुभव आहे. १९९९ च्या एप्रिलमध्ये वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७०, अशा एका मताने पडले. आणि २०२४ मध्ये भाजप २४० वर थांबल्याने सहकारी पक्षांचे वजन पुन्हा वाढले. ते वजन पक्षांचे होते, त्यांच्यामागच्या लहान समाजाचे नव्हे.

कल्याण लोकसभा मतदारसंघात उल्हासनगर आणि अंबरनाथबरोबर मुंब्राही येतो. तेथील ज्या मुस्लिम मतदारांनी २०१९ च्या विधानसभेला भाजप-शिवसेना युतीविरुद्ध मत दिले होते, त्यांना आपला पक्ष महिन्याभरात शिवसेनेशेजारी बसलेला दिसला. धर्मनिरपेक्ष मूल्यांची ग्वाही देणारा किमान समान कार्यक्रम २८ नोव्हेंबरला प्रसिद्ध झाला खरा. पण तोवर तहनामा ठरून गेला होता, आणि मतदाराला तो केवळ वाचता आला, त्यात फेरफार सुचवता आला नाही.

महापालिकेच्या पायरीवरही तेच. २०१७ मध्ये उल्हासनगर महापालिकेच्या ७८ जागांपैकी बहुमताच्या ४० कोणालाच मिळाल्या नाहीत. भाजपने स्थानिक साई पक्षाच्या साथीने मीना आयलानी यांना महापौर केले. २०१९ च्या नोव्हेंबरात, राज्यातला पेच ऐन भरात असताना, भाजपमधील, ज्योती कलानी यांच्याच कुटुंबाच्या गटाच्या पाठबळावर शिवसेनेच्या लीलाबाई आशान महापौर झाल्या. गटांची जुळणी बदलत राहिली. अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी २००६ साली खास उल्हासनगरकरिता झालेल्या कायद्याची अंमलबजावणी मात्र रेंगाळतच राहिली.

त्यामुळे ‘आमच्याशिवाय सरकार बनत नाही’ या समाधानावर अल्पसंख्य मतदाराने विसंबू नये, असे मला कळकळीने वाटते. निकालानंतर कोणाबरोबर बसणार आणि कोणत्या अटीवर तडजोड करणार नाही, हे प्रत्येक पक्षाने मतदानापूर्वीच जाहीर करावे; आणि कॅम्पातल्या मतदाराने सनदेचा प्रश्न खाते, मुदत व जबाबदार मंत्री यांसह लिहून घेऊनच उमेदवाराला उंबऱ्याच्या आत घ्यावे. वाटाघाटीत पहिला बळी जातो तो तोंडी दिलेल्या शब्दाचा. लेखी शब्द मोडणाऱ्याला पुढच्या निवडणुकीत तोच कागद दाखवून जाब विचारता येतो, आणि २०१४ आणि २०१९ मध्ये दोनेक हजारांच्या फरकाने आमदार ठरवलेल्या वस्तीला तो जाब वसूलही करता येतो.