एक चलन, वेगळ्या तिजोऱ्या

युरोपातल्या अनेक देशांचं चलन एकच आहे, युरो. तिजोरी मात्र प्रत्येकाची वेगळी. एकानं बेसुमार कर्ज काढलं, तर झळ सगळ्यांना बसते. म्हणून १९९७ मध्ये त्यांनी करार केला. देशाचं वर्षाचं उत्पन्न १०० धरलं, तर सरकारची वर्षाची तूट ३ च्या आत आणि एकूण कर्ज ६० च्या आत हवं.

पण २००३ मध्ये जर्मनी आणि फ्रान्स या बड्या देशांचीच तूट ३ च्या वर होती, आणि त्यांच्यावरची कारवाई मंत्र्यांच्या बैठकीत थांबवली गेली. थोरांना सूट मिळाली, की नियमाचा धाक जातो. २००९ मध्ये ग्रीसचा हिशेब खोटा निघाला. त्या वर्षाची तूट १५ च्याही वर गेली. पुढे मदतीचं कर्ज मिळालं, पण पगार आणि पेन्शन कापले गेले, दवाखान्यांवरचा खर्च घटला. चूक सरकारची, ओढाताण घराघरातल्या बायांची.

मग नियम कडक झाले. २०१२ मध्ये २५ देशांनी ही शिस्त आपापल्या कायद्यात घालायचं कबूल केलं. युरो वापरणारे देश आता दरवर्षी १५ ऑक्टोबरपर्यंत पुढच्या अंदाजपत्रकाचा मसुदा युरोपीय आयोगाला दाखवतात. म्हणजे खर्च होण्याआधीच तपासणी.

२०२० मध्ये करोना आला, तेव्हा मात्र या मर्यादा काही काळ बाजूला ठेवल्या. संकटात खर्च करावाच लागतो. नियम हवा तो असा: लहानथोरांना सारखा, आणि अडचणीत माणूस जगवणारा.