आठवीला गेलेल्या लेकरासाठी लॅपटॉप घेताना

आजचा विषय तसा घरगुती आहे. पोरगं आठवीला गेलं, हायस्कूलची नवी वही-पुस्तकं आली, आणि त्याच आठवड्यात घरात लॅपटॉपची बोलणी सुरू झाली. मग कोणी म्हणतं पुण्याहून आणू, कोणी म्हणतं माजलगावलाच घेऊ, भाचा म्हणतो ऑनलाईन मागवा, मी बघतो. आम्ही संगणक शिकवणारी आणि दुरुस्त करणारी माणसं. तेव्हा काय घ्यायचं हे सांगूच. पण आधी घ्यायचा का आणि कधी, हे बोलू. कारण पैसा तिथं वाचतो किंवा बुडतो.

रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात खैरात नावाचं एक छोटं गाव आहे. २००७ साली तिथल्या एकशिक्षकी शाळेत मुलांना हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप वाटले गेले. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही जगभर गाजलेली योजना, आणि तिचा भारतातला पहिला प्रयोग आपल्या महाराष्ट्रात झाला. ते यंत्र खरंच चांगलं होतं. उन्हात स्क्रीन दिसायची, वीज कमी लागायची, पडलं तरी सहज फुटत नव्हतं. पुढे पेरू देशाने हीच यंत्रं लाखोंनी घेतली. मग तिथल्या ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांचा अभ्यास झाला, २०१२ साली तो प्रसिद्ध झाला. निष्कर्ष काय? सव्वा वर्षानंतर मुलांच्या गणितात आणि भाषेत फरक दिसला नाही. यंत्र हाताळायला मुलं शिकली, हे खरं. पण यंत्रावर काय करायचं हे दाखवणारं कोणी नसेल, तर ते यंत्र अभ्यास करून देत नाही.

हे आम्ही लॅपटॉपच्या विरोधात सांगत नाही. सांगायचं एवढंच, की लॅपटॉपवर रोज अर्धा-पाऊण तास नेमकं काय होणार, हे घरात आधी ठरलं पाहिजे. नुसते धडे बघायचे असतील तर मोबाईल पुरतो. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड मोबाईलनेच उघडतो, पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात. लॅपटॉप लागतो तो लिहायला, बनवायला. दहा बोटांनी टाईप करणं, हिशेबाचा तक्ता मांडणं, प्रकल्पाची वही नीट तयार करणं, थोडा प्रोग्राम लिहिणं. आणि पुढचं बघा: जेईई मेन संगणकावर होते, आपली एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर होते. नीट मात्र अजून कागदावर देतात. ज्याने बारावीपर्यंत माऊस धरला नाही, त्याची प्रश्न वाचायची पाच मिनिटं यंत्राशी झटण्यात जातात. आठवी-नववी ही सवय लावायची वयं आहेत.

आता कधी घ्यायचा. दुकानांच्या जाहिराती जूनमध्ये येतात, शाळा सुरू होते म्हणून. आपल्याकडे जून म्हणजे काय? बी-बियाणं, खत, कापसाची लागण, आणि शाळेची फी. त्याच महिन्यात हप्त्यावर लॅपटॉप घेतला की पहिले तीन हप्ते सावकाराकडून किंवा बचत गटाकडून उचलून भरावे लागतात, आणि 'झिरो' व्याजाचा लॅपटॉप दोन-तीन टक्के महिन्याला पडतो. आमचं मत स्पष्ट आहे: आपल्या भागात लॅपटॉप उसाचं बिल आल्यावर घ्यावा, फेब्रुवारी-मार्चमध्ये. कायद्याने ते बिल १४ दिवसांत यायला हवं. त्यावर बोलत बसलो तर आजचं व्याख्यान वेगळंच होईल. आठवीचं वर्ष जूनला सुरू झालं आणि लॅपटॉप मार्चला आला, तर काहीएक बिघडत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना तर आम्ही हात जोडून सांगतो, मुकादमाच्या उचलीतून लॅपटॉप घेऊ नका. ती उचल कोयत्याने फेडायची असते. लेकराच्या नावावर अजून एक बोजा कशाला?

चला, यंत्राकडे येऊ. दुकानात गेलात की दुकानदार रंग दाखवतो, स्क्रीन दाखवतो, बॅग फुकट देतो. तुम्ही तीनच गोष्टी विचारा.

पहिली, रॅम. रॅम म्हणजे काम करायचा ओटा समजा. ओटा मोठा तर एका वेळी चार भांडी मांडता येतात. ८ जीबी हवी. ४ जीबीवर विंडोज ११ चालतं असं खोक्यावर लिहिलेलं असतं, आणि चालतंही, भरल्या बैलगाडीसारखं. त्यातच विचारा, ही रॅम पुढे वाढवता येईल का? आता बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच पक्की जोडलेली असते. मग घेतली तेवढीच, जन्मभर.

दुसरी, साठवण. इथे 'एसएसडी' हा शब्द ऐकू आला पाहिजे, २५६ किंवा ५१२ जीबी. सगळ्यात स्वस्त लॅपटॉपमध्ये ६४ जीबीची 'ईएमएमसी' असते, ती टाळा. त्यातली बरीचशी जागा विंडोजच खाऊन टाकतं. सहा महिन्यांत अपडेट अडकतं, 'जागा नाही' असा निरोप येतो, आणि लेकरू म्हणतं लॅपटॉप खराब झाला. तो खराब नसतो, तो पहिल्या दिवसापासून अपुरा असतो. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या नव्या लॅपटॉपांपैकी हीच तक्रार सर्वात जास्त ऐकतो, आणि त्यावर इलाज जवळजवळ नसतो.

तिसरी, प्रोसेसर. इंटेलचा आय-३ किंवा एएमडीचा रायझन-३ शाळेच्या कामाला भरपूर झाला. आय-७ लागत नाही. तो पैसा ८ जीबीची १६ जीबी करण्यात घाला. गेमसाठीचं वेगळं ग्राफिक कार्ड तर नकोच. ते महाग, गरम होतं, बॅटरी पितं, आणि त्यावर नेमकं काय चालणार हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. असा साधा नवा लॅपटॉप साधारण ३० ते ४० हजारांच्या घरात बसतो. भाव महिन्यागणिक हलतात, म्हणून दोन दुकानं आणि एक ऑनलाईन भाव बघितल्याशिवाय पैसे मोजू नका. पक्कं बिल घ्या. बिलावर यंत्राचा सिरीयल नंबर हवा.

एवढे पैसे नाहीत, मग जुना घ्यावा का? घ्यावा, आम्हाला त्यात कमीपणा वाटत नाही. कंपन्यांमधून निघालेले दणकट लॅपटॉप १५-२० हजारांत मिळतात आणि कित्येकदा नव्या स्वस्त यंत्रापेक्षा चांगले असतात. पण एक गोष्ट समजून घ्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप आता बाजारात ढिगाने आणि स्वस्त आलेत. पिढी ओळखायची सोपी खूण सांगतो. आय-५ नंतर चार आकडे असतात. ६२०० असेल तर सहावी पिढी, ८२५० असेल तर आठवी. ११३५ किंवा १२३५ असं दिसलं तर पहिले दोन आकडे धरा, अकरावी, बारावी. आठवीच्या खालचं घ्यायचंच असेल तर त्यावर लिनक्स टाकून घ्या. फुकट असतं, मराठी दिसतं, लिब्रेऑफिस चालतं. फक्त ते टाकून देणारा आणि अडलं तर उघडून बघणारा माणस जवळपास आहे का, हे आधी पाहा.

जुन्याची बॅटरी तपासायची एक युक्ती आहे. काळी कमांडची खिडकी उघडायची, 'पॉवरसीएफजी' लिहायचं, एक जागा सोडून तिरपी रेघ, त्याला लागून 'बॅटरीरिपोर्ट', अर्थात इंग्रजी अक्षरांत. एक फाईल तयार होते. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या निम्मा असेल तर बॅटरीचे पैसे भावातून कमी करायला लावा. दुकानदार म्हणेल असं काही नसतं. असतं.

आता आपल्या गावची खरी अडचण, लाईट. यात एक चांगली बातमी आहे. डेस्कटॉपला लाईट गेली की यूपीएस लागतो. लॅपटॉपच्या पोटात बॅटरी असतेच. चार्जरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे दाब कमी झाला तरी चालतं. धोका असतो तो गेलेली लाईट परत येताना. म्हणून लाईट गेली की चार्जर काढा, आल्यावर पाच मिनिटांनी लावा. घराला अर्थिंग नसेल तर चार्जिंगला लावलेल्या धातूच्या लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. लॅपटॉप बदलून उपयोग नाही, वायरमनला बोलवा. आणि जी लेकरं घर बंद करून आई-बापासोबत फडावर जातात किंवा वसतिगृहावर राहतात, त्यांनी लॅपटॉप ठेवून जाताना पूर्ण रिकामा ठेवू नये. निम्मा चार्ज करून, नीट बंद करून, कोरड्या जागी.

नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर घेणार ना? मग त्या जोडणीच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड' हा पर्याय चालू करा. नाहीतर विंडोजचं एक अपडेट दिवसाचा सगळा डेटा गिळतं. वॉरंटीबद्दल फक्त एकच प्रश्न: घरी येऊन दुरुस्ती आमच्या पिनकोडला मिळते का? नाहीतर प्रत्येक वेळी बीडला किंवा संभाजीनगरला एसटीने खोकं घेऊन जायची तयारी ठेवा.

पहिले सहा महिने काय शिकवायचं म्हणाल तर टायपिंग. मराठीसाठी इनस्क्रिप्ट शिकवा. ते विंडोजमध्ये आधीपासून असतं. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, त्यामुळे हात लवकर बसतो. शासकीय टंकलेखनाच्या परीक्षेला मराठीचा वेग मिनिटाला ३० शब्द लागतो. रोज वीस मिनिटांनी लेकरू वर्षभरात त्याच्या जवळ जातं. विज्ञानासाठी 'फेट' नावाचे प्रयोग आहेत, त्यातले कित्येक मराठीत आहेत. एकदा उतरवून घेतले की नेट नसतानाही चालतात.

अजून एक, आणि हे जरा स्पष्ट बोलतो. लॅपटॉप ताईच्या नावाने घेतला जातो आणि महिन्याभरात दादाचा होतो. तिला मिळतो तो रात्री भांडी झाल्यावर, तेव्हा डोळे मिटत असतात. हे आम्ही इतक्या घरांत पाहिलंय की आता आम्ही पालकांना सांगतो, वेळ ठरवा आणि कपाटाच्या दारावर लिहून चिकटवा. संध्याकाळचे सहा ते सात तिचे. तेवढा वेळ घरकामातूनही तिची सुटका हवी, नाहीतर कागदाला अर्थ नाही. आणि लॅपटॉप बसायच्या खोलीत, सगळ्यांना स्क्रीन दिसेल असा ठेवा. पासवर्ड आईलाही माहीत असावा.

मघाशी मागून एका मावशींनी विचारलं, आमच्याच्याने पंधरा हजारही होत नाहीत, मग काय? मावशी, आधी हायस्कूलमध्ये जाऊन विचारा, संगणक कक्ष आहे का, आणि आठवड्यातून किती वेळा उघडतो. चार पालक मिळून गेलात तर कुलूप लवकर निघतं. मुलगी आठवीत असेल तर एनएमएमएस परीक्षेला बसवा. उत्पन्नाची अट असते, पण पास होऊन निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. आणि तोवर घरातल्या अँड्रॉइड मोबाईलला शे-दोनशेची ओटीजी पिन घेऊन साधा यूएसबी कीबोर्ड लावा. बहुतेक फोनवर तो लगेच चालू होतो. इंग्रजी टायपिंगचा हात त्यावर बसायला लागेल. कीबोर्ड घ्यायच्या आधी दुकानातच स्वतःचा फोन लावून बघा, आणि त्यात अक्षर उमटलं तरच पैसे द्या.